ऐकल्या जाणाऱ्या पानाची शुद्धता : दृष्टिबाधित वाचकांसाठीच्या पुस्तकांचे स्कॅनिंग आणि मुद्रितशोधन यांचा इतिहास

प्रस्तावना

दृष्टिबाधितांच्या वाचनाचा इतिहास बहुधा साधनांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. लुई ब्रेलचे सहा ठिपके, ध्वनिमुद्रित पुस्तके, वाचणारे यंत्र आणि बोलणारा संगणक अशा पायऱ्या त्यात एकीपुढे एक येतात आणि प्रत्येक पायरीवर एखाद्या संशोधकाचे नाव असते. या मांडणीत एक गोष्ट हमखास सुटते. छापील पान अंध वाचकापर्यंत पोहोचावयाचे तर ते कोणीतरी दुसऱ्या रूपात उतरवून घ्यावे लागते, आणि उतरविताना झालेल्या चुका कोणीतरी एकेक करून वेचाव्या लागतात. यंत्राने या कामाचे स्वरूप बदलले, पण ते संपविले नाही. किंबहुना स्कॅनर आल्यानंतर उतरविणाऱ्याचे श्रम घटले आणि तपासणाऱ्याचे वाढले, असेच या इतिहासाकडे बारकाईने पाहता दिसून येते.

प्रस्तुत लेखात या तपासणीचा, म्हणजेच दृष्टिबाधितांसाठी केल्या जाणाऱ्या मुद्रितशोधनाचा, मागोवा घेतला आहे. त्यासाठी अमेरिकेतील 'बुकशेअर' हा उपक्रम मुख्य उदाहरण म्हणून निवडला आहे. कारण स्कॅन करणारे, तपासणारे आणि वाचणारे या तिन्ही भूमिकांत अंध व्यक्तीच मोठ्या प्रमाणावर असल्याचे दुसरे इतके स्पष्ट उदाहरण सहसा आढळत नाही. त्यानंतर हेच काम देवनागरीत, विशेषतः मराठीत, करताना कोणते वेगळे प्रश्न उभे राहतात याचा विचार केला आहे. डोळस वाचकाला छापील चूक दिसते, तो मनाशी दुरुस्ती करतो व पुढे जातो. ऐकणाऱ्या वाचकाला पुष्कळदा चूक झाली आहे हेच कळत नाही. या एका फरकामुळे एरवी किरकोळ समजले जाणारे मुद्रितशोधनाचे काम येथे ज्ञानप्राप्तीच्या अटीचे रूप घेते.

ब्रेल प्रत आणि तिचा तपासनीस

अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये व्हॅलेंतँ आयुई याने अंध मुलांसाठी शाळा काढली. तेथे जाड कागदावर रोमन अक्षरे उठावदार छापून ती बोटांनी वाचावयास शिकविली जात. ही अक्षरे डोळ्यांसाठी घडलेली असल्याने बोटांना ती ओळखावयास फार वेळ लागे, आणि विद्यार्थ्याला स्वतः तसे लिहिता येणे तर दूरच. याच शाळेत शिकलेल्या लुई ब्रेल (१८०९-१८५२) याने १८२९ साली आपली ठिपक्यांची पद्धती प्रसिद्ध केली. तिच्यामुळे अंध व्यक्ती वाचक तर झालीच, शिवाय लेखकही झाली. या दुसऱ्या गोष्टीचे महत्त्व पुढे मुद्रितशोधनाच्या संदर्भात विशेष जाणवते.

इंग्लंडमध्ये १८८२ साली मार्था अर्नॉल्ड यांनी अंधांसाठी पुस्तके घरी नेण्याची सोय असलेले ग्रंथालय सुरू केले. अशा ग्रंथालयांतील कित्येक पुस्तके स्वयंसेवकांनी हाताने उतरविलेली असत. ब्रेल पाटीत कागद अडकवून टोच्याने मागील बाजूने ठिपके पाडावयाचे, त्यामुळे लेखन उजवीकडून डावीकडे व आरशातल्यासारखे उलटे करावे लागे. एखादा ठिपका जास्त पडला तर तो दाबून सपाट करता येई; पण एखादे अक्षर गाळले गेले तर पुष्कळदा सगळे पान पुन्हा लिहिण्यावाचून उपाय नसे. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी रेडक्रॉसच्या स्वयंसेवकांनी हेच काम हाती घेतले.

अशा प्रतींची तपासणी दोघांनी मिळून करण्याची प्रथा पडली. एक अंध शोधक ब्रेल पान बोटांनी वाचून मोठ्याने म्हणे आणि दुसरा डोळस साहाय्यक मूळ छापील पुस्तकावर नजर ठेवी. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने पुढे ब्रेल मुद्रितशोधकांसाठी स्वतंत्र प्रमाणपत्राची व्यवस्था केली. या प्रथेत अंध व्यक्तीचे स्थान लक्षात घेण्याजोगे आहे. ती येथे उपकृत वाचक नव्हती; ब्रेल प्रत बरोबर आहे की नाही याचा निवाडा तिच्या बोटांवर अवलंबून होता. छापखान्यात जुळाऱ्यावर मुद्रितशोधकाचा जो अधिकार चालतो, तोच अधिकार या खोलीत तिचा होता.

भारतात ब्रेलच्या अनेक लिप्या एकाच वेळी प्रचारात होत्या. १९५१ साली 'भारती ब्रेल' ही समान पद्धती स्वीकारली गेली आणि त्याच वर्षी डेहराडून येथे मध्यवर्ती ब्रेल मुद्रणालय सुरू झाले. भारती ब्रेलमध्ये अक्षरे उच्चाराच्या क्रमाने येतात. छापील 'कि'मध्ये वेलांटी आधी दिसते, पण ब्रेलमध्ये 'क' आधी व वेलांटी नंतर. 'धर्म' या शब्दातील रफार छपाईत 'म'च्या डोक्यावर बसतो, ब्रेलमध्ये तो 'म'च्या आधी येतो. ही वरवर तांत्रिक वाटणारी बाब पुढे संगणकाच्या संदर्भात पुन्हा डोके वर काढते.

यंत्र वाचू लागले

छापील अक्षर यंत्राकरवी थेट अंध वाचकाच्या कानापर्यंत पोहोचविण्याचा पहिला उल्लेखनीय प्रयत्न 'ऑप्टोफोन' हा होय. इंग्लंडमध्ये फोर्निए दाल्ब यांनी १९१० च्या दशकात हे यंत्र तयार केले. ते अक्षराच्या आकारानुसार निरनिराळे स्वर काढी आणि वाचकाने त्या स्वरांवरून अक्षर ओळखावयाचे असे. मेरी जेमसन या अंध तरुणीने ते चिकाटीने आत्मसात केले व पुढे मिनिटाला सुमारे ६० शब्दांपर्यंत मजल मारली. या यंत्राचे वैशिष्ट्य असे की ते स्वतः काहीच 'ओळखत' नसे. ओळखण्याचे काम वाचकाचेच असल्यामुळे चूक झाली तर ती वाचकाच्या कानाची असे, आणि ती दुरुस्त करणेही त्याच्याच हाती असे. वेग कमी असूनही हा एक गुण मानावा लागेल.

१९३४ मध्ये अमेरिकेत व १९३५ मध्ये इंग्लंडमध्ये तबकड्यांवरील 'बोलकी पुस्तके' सुरू झाली. त्यांनी कादंबरीवाचनाची मोठी सोय केली. परंतु कोणते पुस्तक मुद्रित करावयाचे हे दुसरेच कोणीतरी ठरवीत असे, आणि शब्द कसा लिहितात हे ऐकणाऱ्याला कळत नसे.

खरा पालट १९७६ मध्ये झाला. रेमंड कर्झवाइल यांनी कोणत्याही प्रचलित वळणाचे छापील रोमन अक्षर ओळखणारी आज्ञावली तयार केली होती. तिचा उपयोग काय करावा या विचारात असताना प्रवासात भेटलेल्या एका अंध गृहस्थांनी आपली वाचनाची अडचण सांगितली आणि त्यातून वाचनयंत्राची कल्पना पुढे आली, असे ते सांगतात. पान काचेवर पालथे ठेवून त्याची प्रतिमा घेणारा सपाट स्कॅनर, अक्षर ओळखणारी आज्ञावली आणि कृत्रिम वाणी या तिघांना एकत्र आणून अमेरिकेतील अंधांच्या राष्ट्रीय संघटनेच्या सहकार्याने हे यंत्र १३ जानेवारी १९७६ रोजी लोकांसमोर मांडण्यात आले. ते एक संपूर्ण टेबल व्यापणारे होते व सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे होते; ग्रंथालये आणि संस्था यांनीच ते घेतले. गायक स्टीव्ही वंडर हे त्याच्या पहिल्या ग्राहकांपैकी एक. आज कार्यालयात सर्रास दिसणारा सपाट स्कॅनर मुळात अंधांच्या वाचनाच्या निमित्ताने घडला, हे सहसा कोणाच्या ध्यानात नसते.

१९८९ मध्ये जिम फ्रक्टरमन यांनी कॅलिफोर्नियात 'आर्केनस्टोन' ही ना-नफा संस्था काढून साध्या वैयक्तिक संगणकाला जोडता येतील अशी स्वस्त वाचनयंत्रे पुरविण्यास प्रारंभ केला. यामुळे अंध विद्यार्थी, वकील, शिक्षक यांच्या घरी स्कॅनर आला. ऑप्टोफोन आणि हा स्कॅनर यांत मात्र एक मूलभूत फरक होता. आता अक्षर ओळखण्याचा निर्णय यंत्र घेत होते, आणि तो चुकला तरी यंत्राच्या स्वरात तसूभरही अनिश्चितता नसे. चुकीचा शब्द तितक्याच ठामपणे उच्चारला जाई.

बुकशेअर : एकाचे श्रम, अनेकांची पुस्तके

नव्वदच्या दशकातील अमेरिकेत एक विचित्र परिस्थिती निर्माण झाली होती. एकच लोकप्रिय पुस्तक शेकडो अंध वाचक आपापल्या घरी स्वतंत्रपणे स्कॅन करीत होते. पुस्तक उघडून काचेवर पालथे घालावयाचे, दाबून धरावयाचे, पान उलटावयाचे, पुन्हा पालथे घालावयाचे, असे कित्येक तास. पुठ्ठाबांधणीच्या घडीपाशी पान वळते, त्यामुळे तेथील अक्षरे वाकडी होऊन ओळींच्या कडांना चुका साचतात. त्या प्रत्येकाने आपापल्या सोयीपुरत्या दुरुस्त करावयाच्या आणि ती फाइल आपल्यापाशीच ठेवावयाची. शेजारच्या गावातील दुसरा वाचक तेच पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करी.

त्या सुमारास फ्रक्टरमन यांच्या मुलाने त्यांना संगणकावरून गाण्यांची देवाणघेवाण करणारी 'नॅप्स्टर' ही सेवा दाखविली. गाणी अशी वाटता येतात तर स्कॅन केलेली पुस्तके का वाटता येऊ नयेत, हा प्रश्न त्यातून निघाल्याचे फ्रक्टरमन यांनी सांगितले आहे. नॅप्स्टर न्यायालयात टिकले नाही. पुस्तकांच्या बाबतीत मात्र कायद्याचा आधार उपलब्ध होता. १९९६ मध्ये अमेरिकन कॉपीराइट कायद्यात झालेल्या 'चॅफी दुरुस्ती'ने मान्यताप्राप्त संस्थांना प्रकाशकाच्या परवानगीवाचून अंध व तत्सम अपंग व्यक्तींसाठी विशेष स्वरूपात प्रती तयार करण्याची मुभा दिली होती. या आधारावर फेब्रुवारी २००२ मध्ये 'बुकशेअर' सुरू झाले. अपंगत्वाचा पुरावा देणाऱ्या सभासदालाच पुस्तके मिळत, आणि ती संगणकीय ब्रेल व 'डेझी' या दोन स्वरूपांत असत. डेझी ही १९९६ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संघाने पुरस्कारिलेली पद्धती; तिच्यामुळे प्रकरण, पान, परिच्छेद असे टप्पे गाठत पुस्तकात हिंडता येते.

कायद्याचा प्रश्न सुटला तरी शुद्धतेचा प्रश्न उरला होता. आपल्यापुरती चालणारी फाइल दुसऱ्याला द्यावयाची म्हटल्यावर तिच्यातील उणिवा एकाएकी डोळ्यांत भरू लागल्या. म्हणून काम दोन टप्प्यांत विभागले गेले. एका स्वयंसेवकाने स्कॅन करून पाठवावयाचे आणि दुसऱ्याने ते तपासून संग्रहासाठी योग्य ठरवावयाचे. प्रतीला 'उत्कृष्ट', 'चांगली' किंवा 'बरी' अशी प्रत दिली जाई आणि वाचकाला ती आधीच कळे. पुस्तक निवडताना विषयाइतकाच शुद्धतेचाही विचार करावा लागणे, ही गोष्ट डोळस वाचकाने कधी अनुभवलेली नसते.

तपासणीत कोणत्या गोष्टी येत, हे पाहिले की या श्रमाचे स्वरूप कळते. प्रत्येक पानाच्या माथ्यावर पुस्तकाचे किंवा प्रकरणाचे नाव छापलेले असते. डोळा ते ओलांडून जातो; आवाज मात्र वाक्याच्या मध्येच ते वाचून दाखवितो. तीनशे पानांच्या पुस्तकात तीनशे वेळा असा अडथळा आला तर वाचन अशक्यप्राय होते, म्हणून ही शीर्षके काढावी लागतात. पृष्ठांक मात्र ठेवावे लागतात. कारण विद्यार्थ्याला संदर्भ द्यावयाचा असतो, आणि पृष्ठांकांची मालिका तपासल्याखेरीज एखादे पान स्कॅन करावयाचे राहिले आहे हे उघडकीसही येत नाही. ओळीच्या शेवटी तुटलेले शब्द जोडणे, तळटिपा वाक्याच्या पोटातून उचलून योग्य जागी नेणे, दोन स्तंभांची सरमिसळ सोडविणे ही कामे त्यानंतरची.

यांत सर्वांत कठीण काम म्हणजे खऱ्या शब्दांच्या वेषात लपलेल्या चुका शोधणे. इंग्रजीत 'आर' आणि 'एन' ही लहान अक्षरे चिकटून छापली गेली की यंत्राला ती 'एम' वाटतात. मग इतिहासाच्या पुस्तकात 'मॉडर्न'चे 'मॉडेम' होते, 'बर्न'चे 'बम' होते; 'अँड'चे 'ॲरिड' होते ते 'एन'चे दोन तुकडे पडल्यामुळे. शब्द कोशातला असल्याने शुद्धलेखन तपासणारी आज्ञावली त्याला अडवीत नाही. अनुभवी स्वयंसेवक अशा शब्दांची यादी जवळ बाळगीत आणि प्रत्येक पुस्तकात ते शोधून पाहत.

येथे ब्रेलच्या काळाशी तुलना केली असता एक गंभीर फरक दिसून येतो. ब्रेल प्रत तपासताना शेजारी मूळ पुस्तक घेऊन बसलेला साहाय्यक असे. बुकशेअरच्या तपासणाऱ्यापाशी बहुधा मूळ पुस्तक नसे, आणि असले तरी अंध स्वयंसेवकाला ते वाचता आले नसते. त्याला दुरुस्ती करावी लागे ती केवळ वाक्याच्या अर्थावरून, लेखकाच्या लकबीवरून आणि यंत्राच्या खोडी ओळखून. याच काळात, २००० साली, चार्ल्स फ्रँक्स यांनी 'डिस्ट्रिब्यूटेड प्रूफरीडर्स' हा उपक्रम सुरू केला होता. मायकेल हार्ट यांच्या १९७१ पासूनच्या 'प्रोजेक्ट गुटेनबर्ग'साठी जुनी पुस्तके तेथे अनेक जण मिळून तपासीत. तेथे प्रत्येक पानाचे चित्र आणि ओळखलेला मजकूर पडद्यावर एकत्र दिसत. ती तपासणी तुलनेची होती, बुकशेअरची तपासणी अनुमानाची. अनुमानाची तपासणी कमी प्रतीची असे मात्र म्हणता येत नाही. प्राचीन हस्तलिखितांचा संपादक भ्रष्ट पाठावरून मूळ पाठ ज्या रीतीने शोधतो, त्याच रीतीचे हे काम आहे. फरक एवढाच की पाठ भ्रष्ट करणारा लेखनिक येथे यंत्र असतो, आणि त्याच्या चुका नियमित असतात.

२००७ मध्ये अमेरिकेच्या शिक्षण खात्याने पाच वर्षांसाठी ३ कोटी २० लाख डॉलरचे अनुदान दिल्यावर तेथील विद्यार्थ्यांसाठी ही सेवा विनामूल्य झाली. पुढे प्रकाशक स्वतःच संगणकीय फाइली देऊ लागले आणि संग्रह दहा लाखांच्या पुढे गेला. स्वयंसेवकांच्या स्कॅनची गरज त्या प्रमाणात घटली. ज्या भाषांत प्रकाशक व्यवहार्य फाइल देऊ शकतात, तेथे हे घडले, हे लक्षात ठेवावयास हवे.

भारतातील कायदेशीर वाट

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात अंध वाचकांसाठी दीर्घकाळ कोणताही अपवाद नव्हता. विद्यार्थ्यासाठी कोणी पुस्तक वाचून ध्वनिफितीवर मुद्रित केले किंवा स्कॅन केले तर ते सद्भावनेवर चाले, हक्काने नव्हे. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ मध्ये सुरू झालेल्या दृष्टिबाधितांच्या साधनकेंद्रासारख्या संस्थांनी आणि देशभरातील डेझी गटांनी हा प्रश्न लावून धरला. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये तरतूद होऊन अपंग व्यक्तींना वाचता येईल अशा स्वरूपात पुस्तकाची प्रत करणे वैध ठरले. २७ जून २०१३ रोजी मोरोक्कोतील माराकेश येथे आंतरराष्ट्रीय करार संमत झाला व जून २०१४ मध्ये त्याला अनुमती देणारा भारत हा पहिला देश ठरला. ३० सप्टेंबर २०१६ रोजी करार अमलात आला. त्याच्या महिनाभर आधी, २४ ऑगस्ट २०१६ रोजी, भारतीय भाषांतील पुस्तकांसाठी 'सुगम्य पुस्तकालय' सुरू झाले होते. दरवाजा उघडला होता. आत नेऊन ठेवावयाची मराठी पुस्तके मात्र तयार नव्हती.

देवनागरी आणि मराठी

याचे पहिले कारण लिपीच्या घडणीत आहे. रोमन अक्षरे सुटी असतात. देवनागरीत शिरोरेषा सगळा शब्द एकत्र बांधते, मात्रा व रफार तिच्या वर जातात, उकार खाली उतरतात आणि जोडाक्षरे दोन-तीन वर्णांना एका आकारात कोंबतात. देवनागरी ओळखण्यासंबंधी सिन्हा आणि महाबल यांचे संशोधन १९७९ इतके जुने आहे. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील चौधरी व पाल यांनी १९९७ मध्ये बंगाली आणि देवनागरी या दोन लिप्यांसाठी आज्ञावली मांडली. तीत शिरोरेषा पुसून अक्षरे सुटी करण्याची युक्ती होती. तरीही सर्वसामान्यांच्या हाती पडेल असे साधन यावयास आणखी बरीच वर्षे लागली. गूगलच्या पाठबळाने वाढलेली 'टेसरॅक्ट' ही मुक्त आज्ञावली २०१८ मधील चौथ्या आवृत्तीपासून देवनागरीसाठी बऱ्यापैकी विश्वासार्ह झाली. कर्झवाइलच्या यंत्रापासून मोजले तर हे अंतर चाळीस वर्षांहून अधिक भरते. मराठी अंध वाचकांच्या दोन पिढ्या या अंतरात विद्यार्थिदशा संपवून गेल्या.

दुसरे कारण मराठी छपाईच्या व्यवहारातले आहे. नव्वदच्या दशकात मराठी प्रकाशन संगणकावर आले, तेव्हा पुस्तके युनिकोडमध्ये जुळविली जात नव्हती. त्या काळच्या टंकांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसविलेले असत. पडद्यावर देवनागरी दिसे, पण संगणकाच्या स्मृतीत रोमन अक्षरांची निरर्थक माळ असे, आणि स्क्रीन रीडर नेमकी तीच वाचून दाखवी. त्यामुळे प्रकाशकाने उदारपणे फाइल दिली तरी तिचा थेट उपयोग होत नसे. रूपांतर करावे तर तुकडे छपाईच्या क्रमाने साठविलेले; वेलांटी व्यंजनाच्या आधी, रफार अक्षराच्या नंतर. भारती ब्रेलने १९५१ मध्येच सोडविलेला क्रमाचा प्रश्न संगणकाने असा पुन्हा निर्माण केला. 'ॲ' या अक्षराला तर युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ साली मिळाले; तोपर्यंत ते निरनिराळ्या रीतींनी जुळवून लिहिले जाई व शोधताना सापडत नसे.

मग उरतो तो स्कॅनरच. देवनागरीतील सारख्या आकारांची यादी कोणाही जुन्या मुद्रितशोधकाला तोंडपाठ असते, यंत्राच्या चुकाही त्याच यादीत सापडतात. 'घ' आणि 'ध', 'ब' आणि 'व', 'भ' आणि 'म', 'थ' आणि 'य', 'ख' आणि 'रव'. यातून 'धन'चे 'घन', 'धार'ची 'घार', 'बार'चा 'वार', 'भरण'चे 'मरण' होते. अनुस्वाराचा ठिपका फिका असला तर 'रंग'ची 'रग' आणि 'मंद'चा 'मद' होतो. डोळस वाचक शेजारच्या शब्दांच्या आधाराने हे सावरून घेतो. आवाज एका वेळी एकच शब्द पुढे ठेवतो, आणि 'मरण' हा शब्द ऐकल्यावर तो लेखकाचाच आहे असे मानण्यावाचून ऐकणाऱ्याला गत्यंतर नसते.

काही चुका तर ऐकूही येत नाहीत. 'दिन' आणि 'दीन', 'सुत' आणि 'सूत', 'शिर' आणि 'शीर' यांतील भेद कृत्रिम वाणीत जेमतेम उमटतो. अंध मुद्रितशोधकाला अशा जागी एकेक अक्षर थांबून ऐकावे लागते, किंवा संगणकाला जोडलेल्या ब्रेल पट्टीवर बोटांनी तपासावे लागते. ब्रेलच्या काळातील बोटांचा अधिकार येथे परत येतो, हे मोठे सूचक आहे. जो विद्यार्थी शालेय वयापासून फक्त ऐकूनच वाचत आला, त्याला शब्दाचे ऱ्हस्व-दीर्घ कळण्याचा दुसरा मार्ग नाही. फाइलमधील चूक त्याच्या लेखनात उतरते आणि तिचा दोष त्याच्या अभ्यासाकडे जातो. मराठीत १५ फेब्रुवारी २००८ रोजी स्वागत थोरात यांनी सुरू केलेल्या 'स्पर्शज्ञान' या ब्रेल पाक्षिकाचे मोल या बाजूनेही पाहिले जावे. बातम्यांइतकीच शब्दांची रूपेही त्यातून बोटांना मिळत राहिली.

इतिहासाच्या ग्रंथांत अंकांचा धोका सर्वांत मोठा असतो. 'शब्द' चुकला तर वाक्य अडखळण्याची थोडीतरी शक्यता असते; अंक चुकला तर काहीच अडखळत नाही. देवनागरी '१' आणि '९' जुन्या छपाईत सहज एकमेकांची रूपे घेतात. पेशवाईच्या अखेरीचे १८१८ हे साल १८९८ म्हणून वाचले गेले, तर कोणतीही आज्ञावली ते थांबवू शकत नाही. विषय ठाऊक असलेला माणूसच ते पकडतो. म्हणून इतिहासाचे पुस्तक इतिहासाच्या विद्यार्थ्याने, विज्ञानाचे त्या विषयाच्या जाणकाराने तपासावे, हा आग्रह केवळ काटेकोरपणाचा नाही.

मराठीची म्हणून आणखी एक अडचण आहे. मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' हिंदी छपाईतील अक्षरांहून वेगळे असतात, शिवाय 'ऱ्या'मधील अर्धा 'र' हिंदीत नाहीच. हिंदी नमुन्यांवर शिकविलेली आज्ञावली या जागी चाचपडते. एकोणिसाव्या शतकात जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने घडविलेले खिळे मराठी छपाईचे भूषण मानले जातात. त्या खिळ्यांतील घट्ट बांधलेली, एकाखाली एक रचलेली जोडाक्षरे यंत्राला मात्र फार त्रास देतात.

'मिलियन बुक प्रोजेक्ट' आणि त्यातून आकारास आलेली 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' यांच्याद्वारे या शतकाच्या पहिल्या दशकात हजारो जुनी भारतीय पुस्तके स्कॅन झाली. त्यांत मराठीही पुष्कळ होती. ती पानांच्या चित्रांच्या रूपात होती. डोळस संशोधकाला ग्रंथालय घरी आल्याचा आनंद झाला; स्क्रीन रीडरपुढे तेच पुस्तक कोरे पान होते. 'स्कॅन झाले' याचा अर्थ 'वाचता आले' असा होत नाही, हे त्या वेळी फारसे कोणी बोलून दाखविले नाही. या चित्रांतून मजकूर काढून तो तपासण्याचे काम आता मराठी विकिस्रोतासारख्या ठिकाणी स्वयंसेवक करीत आहेत. तेथे एकाने तपासलेले पान पिवळे होते आणि दुसऱ्याने पुन्हा पडताळले की हिरवे. हा प्रकल्प अंधांसाठी म्हणून सुरू झालेला नाही. पण हिरवे झालेले प्रत्येक पान त्यांच्यासाठीही उघडते.

या सामाईक संग्रहात मुख्यतः कॉपीराइट संपलेलीच पुस्तके येऊ शकतात. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे ही मुदत धरली तर ती प्रायः मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाचे नियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारण्यापूर्वीची असतात. त्यांत 'तें', 'केलें', 'नाहीं', 'घरांत' असे अनुस्वार ओळीओळीला आहेत. डोळा त्यांना सरावतो. कृत्रिम वाणी मात्र ते नाकातून उच्चारते आणि 'तें'चे जवळजवळ 'तेन' ऐकू येते. हे अनुस्वार काढले तर पान ऐकावयास सुगम होते, पण भाषेच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्या अंध संशोधकाच्या हातून त्याचा पुरावाच जातो. ठेवले तर सामान्य वाचक दहा पानांत पुस्तक बाजूला सारतो. दोन्ही पाठ स्वतंत्र ठेवावेत हा मार्ग योग्य वाटतो. त्यासाठी एकाच पुस्तकाचे मुद्रितशोधन दोनदा करावे लागेल, आणि एकदा करणाऱ्यांचीच संख्या आज अपुरी आहे.